भगिनींचा उद्योग : भांडवल कोठून आणावे, कोणाच्या नावावर आणावे?

या पानावर आम्ही बहुतेक वेळा दुकानदार आणि कारखानदार बंधूंशी बोलतो. मालाचे भाव, उधारीची वसुली, कराचा हिशोब हे विषय पुरुषांचे समजले जातात. पण आपल्याच मोहल्ल्यातून एक फेरी मारली, तर धंद्याचे केवढे तरी काम घराच्या चार भिंतींत होताना दिसते. मालेगाव-भिवंडीत यंत्रमागासाठी कांड्या भरणाऱ्या, सोलापुरात विड्या वळणाऱ्या, मुंबईत कुर्ला-गोवंडीच्या खोल्यांतून जरी आणि टिकल्यांचे काम करणाऱ्या, कोकणात मसाले आणि लोणची करून विकणाऱ्या भगिनी आपण रोज पाहतो. यांपैकी पुष्कळजणींच्या बाबतीत हात त्यांचे असतात, नजर त्यांची जाते, पण माल दुसऱ्याचा असतो आणि भाव ठरवणाराही दुसराच. त्यांना मिळते ती नगावरची मजुरी.

अशी एखादी भगिनी ज्या दिवशी ठरवते की आता माल माझा आणि भावही माझा, त्या दिवशी तिच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो भांडवलाचा. आजच्या लेखात याच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. पैसा देणारी दारे पुष्कळ आहेत, हे वाचकांना पुढे दिसेलच. परंतु पैसा कोठून आणावा, याइतकाच तो कोणाच्या नावावर आणि कोणाच्या हाती यावा, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. पहिल्याचे उत्तर सापडले आणि दुसरे चुकले, तर धंदा उभा राहत नाही आणि त्या भगिनीच्या गळ्यात कर्ज मात्र पडते.

आधी गरज मोजावी

कर्जाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी वही उघडावी. समजा, एक भगिनी ठेकेदाराकडून कपडे आणून घरी शिवते आणि आता तिला स्वतःचे बुरखे व लेडीज सूट शिवून विकायचे आहेत. तिने असा हिशोब मांडला : विजेवर चालणाऱ्या दोन शिलाई मशीन ५६,००० रुपये, ओव्हरलॉक मशीन २४,००० रुपये, कटिंगचे टेबल, इस्त्री आणि वायरिंग १५,००० रुपये. एकूण ९५,००० रुपये. येथेच वही मिटली, तर मोठी चूक होते. मशीन आली, पण कापड, अस्तर, दोरा आणि बटणे कशाने आणायची? त्यासाठी ४०,००० रुपये धरावेत. माल विकून पैसे हाती येईपर्यंत महिना-दोन महिने जातात, तेवढ्या काळात घर चालले पाहिजे आणि वीजबिल भरले पाहिजे. त्यासाठी आणखी १५,००० रुपये. म्हणजे गरज ९५ हजारांची नाही, दीड लाखाची आहे. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकीने आपल्या गावचे भाव विचारून आपला हिशोब मांडावा.

मशीन आणि सामानासाठी लागणारा पैसा हे स्थिर भांडवल, आणि कच्चा माल व उधारीत फिरणारा पैसा हे खेळते भांडवल. नवा धंदा बसतो तो बहुतेक वेळा खेळत्या भांडवलाअभावी. मशीन चकचकीत उभी असते आणि कापड आणायला पैसे नसतात. मग ती भगिनी त्याच ठेकेदाराकडे परत जाते आणि आपल्याच मशीनवर त्याचे काम करते.

व्याजाविषयी आमच्या वाचकांचे मत आम्हाला ठाऊक आहे. म्हणून ज्या मार्गांत व्याज नाही ते आम्ही आधी सांगतो आणि ज्यांत व्याज आहे ते नंतर, तसे स्पष्ट सांगून. निवड ज्याची त्याने करावी. न समजता सही मात्र करू नये.

घरातले आणि मोहल्ल्यातले भांडवल

पहिले भांडवल घरातच असते. मेहर ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे. ती पतीने दिलेली भेट नव्हे, तिचा हक्क आहे. कित्येक घरांत मेहर कागदावरच राहते. पत्नी धंदा सुरू करू पाहत असेल, तर बाकी राहिलेली मेहर चुकती करण्यासाठी याहून चांगली वेळ कोणती? त्यामुळे पतीच्या डोक्यावरचे देणे उतरते आणि पत्नीला व्याजाशिवाय भांडवल मिळते.

दुसरे, भिशी. बारा भगिनींनी दरमहा दोन-दोन हजार रुपये काढले, तर दर महिन्याला एकीच्या हातात २४,००० रुपये येतात. व्याज नाही, जामीन नाही, अर्ज नाही. लग्नकार्यासाठी आणि फ्रिजसाठी भिशी उचलणाऱ्या आपल्या भगिनींनी ती मशीनसाठी का उचलू नये? दोन पथ्ये मात्र पाळावीत. भिशी ओळखीच्यांतच असावी आणि नंबर चिठ्ठीने किंवा आपसांत ठरवून लागावा. ज्या भिशीत नंबर लिलावाने सुटतो, तेथे गरजू भगिनी तोटा सोसून रक्कम उचलते. तो प्रकार वेगळा समजावा.

तिसरे भांडवल व्यापारी बंधूंच्या हाती आहे, म्हणून येथे आम्ही थेट त्यांच्याशी बोलतो. आपण ओळखीच्या दुकानदाराला पंधरा दिवसांच्या, महिन्याच्या उधारीवर माल देतो. तीच सवलत एखाद्या शिवणाऱ्या भगिनीला दिली, तर तिची खेळत्या भांडवलाची निम्मी अडचण तेथेच संपते. सुरुवातीला थोडा माल द्यावा, पावती तिच्या नावाने फाडावी, पैसे वेळेवर आले की मर्यादा वाढवावी. मशीन विकणाऱ्या बंधूंनी रोखीचा आणि हप्त्याचा भाव आधीच सांगून, ठरलेल्या किमतीला मशीन हप्त्यांवर द्यावी. किंमत एकदा ठरली की हप्ता लांबला तरी ती वाढवू नये.

याच्या पुढची पायरी भागीदारीची. एकाचा पैसा, दुसऱ्याचे श्रम आणि नफ्यात ठरलेला वाटा, याला मुदारबत म्हणतात. हजरत खदीजा (रजि.) यांचा व्यापार असाच चाले. भांडवल त्यांचे असे आणि काफिला घेऊन जाणाऱ्याला नफ्यात हिस्सा मिळे. आज उलट दिशेने तोच व्यवहार होऊ शकतो. समजा, एखाद्या व्यापाऱ्याने ६०,००० रुपये घातले आणि नफ्याची वाटणी ४०-६० ठरली, चाळीस टक्के त्याला आणि साठ टक्के काम करणाऱ्या भगिनीला. वाटणी नफ्याच्या प्रमाणात ठरवावी. दरमहा अमुक हजार, अशी रक्कम बांधून घेतली की ती मुदारबत राहत नाही. निष्काळजीपणा नसताना धंद्यात तोटा आला, तर पैशाचा तोटा पैसेवाल्याचा आणि तिचे श्रम वाया गेले हा तिचा. हे सारे स्टँपपेपरवर लिहावे, दोन साक्षीदार घ्यावेत. नात्यातल्या माणसांनी तर नक्कीच लिहावे, कारण तोंडी व्यवहारातून पैसाही जातो आणि नातेही जाते.

जिच्याकडे काहीच नाही, अशी विधवा किंवा परित्यक्ता जकातीस पात्र असेल, तर तिला रमजानमध्ये धान्याची पिशवी देण्याबरोबरच एक शिलाई मशीन किंवा शेवयांचे यंत्र तिच्या मालकीचे करून द्यावे. पिशवी महिनाभरात संपते. यंत्र चालले, तर पुढे तीच भगिनी जकात देणारी होऊ शकते.

बिनव्याजी संस्था

आपल्या देशात बिनव्याजी कर्जाची परंपरा जुनी आहे. देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ मध्ये सुरू झाला. लोकांच्या छोट्या ठेवी जमा करायच्या, दागिना तारण ठेवून त्यातून बिनव्याजी कर्ज द्यायचे आणि संस्थेच्या खर्चापुरते शुल्क घ्यायचे, ही मुस्लिम फंडांची रीत. अलीकडे सहकारी पतसंस्थेच्या कायद्याखाली नोंदणी करून याच पद्धतीने काम करणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. २०१० मध्ये दिल्लीत स्थापन झालेली सहूलत मायक्रोफायनान्स सोसायटी अशा संस्थांना मार्गदर्शन करते.

आपल्या शहरात अशी पतसंस्था असेल, तर भगिनीने आधी तिची सभासद व्हावे, सहा महिने नियमाने बचत करावी आणि मग कर्ज मागावे. पण दाराबाहेर 'बिनव्याजी' किंवा 'हलाल' अशी पाटी दिसली म्हणून विश्वास टाकू नये. नोंदणी क्रमांक पाहावा, गेल्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागावा, वार्षिक सभा होते का ते सभासदांना विचारावे. बेंगळुरूची आय मॉनेटरी ॲडव्हायजरी ही हलाल गुंतवणुकीच्या नावाने ठेवी गोळा करणारी कंपनी जून २०१९ मध्ये कोसळली आणि हजारो कुटुंबांची आयुष्याची पुंजी अडकली. धंद्यासाठी जमवलेला पैसा 'दरमहा भरघोस नफा' सांगणाऱ्याकडे ठेवणे म्हणजे धंदा सुरू होण्याआधीच बुडवणे होय.

बचत गट : एकीचे बळ

एकट्या बाईला बँकेच्या दारात कोणी विचारत नाही, दहाजणी गेल्या की साहेब खुर्ची देतो. बचत गटाचे मर्म हेच. राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेने, म्हणजे नाबार्डने, १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे 'माविम', आणि ग्रामीण भागात 'उमेद' अभियान गटांचे काम पाहतात. दहा ते वीस भगिनींचा गट, ठरलेल्या दिवशी बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब, एवढे सांभाळले की बँक गटाला कर्ज देते. १० लाख रुपयांपर्यंतच्या गटकर्जाला बँकेने तारण मागायचे नसते, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. बँकेच्या या कर्जाला व्याज असते. पण गटाच्या स्वतःच्या बचतीतून दिलेल्या कर्जावर काय आकारायचे, हे गटच ठरवतो. व्याज नको असलेल्या भगिनी आपल्या बचतीपुरता बिनव्याजी व्यवहार करू शकतात.

थोड्या पैशात काय होते, असे विचारणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मुंबईत गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच आजचा लिज्जत पापड. अहमदाबादेत १९७४ मध्ये चार हजार कष्टकरी स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेऊन 'सेवा'ची सहकारी बँक उभी केली. आणि सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या स्त्रियांनी बँकेसाठी केलेला पहिला अर्ज त्या अंगठेबहाद्दर आहेत म्हणून नाकारला गेला, तेव्हा त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. या तिन्ही ठिकाणी पैसा थोडा होता, पण तो बायकांच्याच हाती होता आणि हिशोबही त्याच ठेवत होत्या.

महामंडळे आणि सरकारी योजना

आता व्याजाच्या कर्जांकडे येऊ. यांतील दर आणि मर्यादा वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी कार्यालयात खात्री करून घ्यावी.

अल्पसंख्याकांसाठी केंद्र सरकारने १९९४ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास आणि वित्त महामंडळ स्थापन केले. महाराष्ट्रात त्याचे काम मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत चालते. हे राज्य महामंडळ २००० मध्ये स्थापन झाले. केंद्रीय महामंडळाच्या मुदत कर्ज योजनेत महिलांसाठी व्याजदर वार्षिक ६ टक्के ठेवलेला आहे. हस्तकारागिरांसाठी 'विरासत' नावाची योजना असून तीत महिलांचा दर पुरुषांपेक्षा कमी आहे. उत्पन्नाचा दाखला, प्रकल्प अहवाल आणि जामीनदार यांची तयारी ठेवून जावे. निधीच्या उपलब्धतेप्रमाणे कर्ज मिळायला वेळ लागतो, म्हणून या एकाच दारावर डोळे लावून बसू नये.

प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. ती अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. शिंपीकाम, टोपल्या-चटया-झाडू विणणे, बाहुल्या व खेळणी करणे, फुलांचे हार गुंफणे आणि मासेमारीची जाळी विणणे ही त्यांतली भगिनींच्या उपयोगाची कामे. मागावरचे विणकाम आणि भरतकाम या यादीत नाही, त्यांनी इकडे फेऱ्या मारू नयेत. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, ती परत करायची नसते. पुढे ५ टक्के व्याजाने आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळते. पहिले कर्ज अठरा महिन्यांत फेडायचे असते. एक लाखाला महिन्याचा हप्ता साधारण ५,८०० रुपये पडतो. महिन्याचे सव्वीस कामाचे दिवस धरले, तर रोज सव्वादोनशे रुपये फक्त हप्त्यासाठी बाजूला पडले पाहिजेत. हे जमेल का, ते सही करण्याआधी पाहावे. या योजनेत पती, पत्नी आणि अविवाहित मुले मिळून एकालाच लाभ मिळतो. पतीही शिंपी आणि पत्नीही शिंपी असेल, तर नाव कोणाचे द्यायचे ते घरात आधी ठरवावे.

प्रधानमंत्री मुद्रा योजना २०१५ पासून चालू आहे. ५० हजारांपर्यंत शिशु, पाच लाखांपर्यंत किशोर आणि दहा लाखांपर्यंत तरुण, अशा तिच्या पायऱ्या आहेत. तारण द्यावे लागत नाही. व्याजदर बँक ठरवते, म्हणून दोन-तीन बँकांत चौकशी करावी. रस्त्यावर किंवा हातगाडीवर विक्री करणाऱ्या भगिनींसाठी २०२० पासून पीएम स्वनिधी योजना आहे. २०२५ मध्ये तिची फेररचना झाली आणि पहिल्या कर्जाची मर्यादा १०,००० वरून १५,००० रुपये करण्यात आली.

मोठे काम काढायचे असेल, तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम समजून घ्यावा. याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा खादी ग्रामोद्योग मंडळाच्या कार्यालयात होते. महिला आणि अल्पसंख्याक दोन्ही विशेष गटात येतात. त्यांना स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. अनुदान शहरात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. म्हणजे चार लाखांचा प्रकल्प असेल, तर स्वतःचे २०,००० रुपये, बाकीचे ३,८०,००० रुपये बँकेचे, आणि अनुदान शहरात एक लाख, खेड्यात १,४०,००० रुपये. पण हे अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत तीन वर्षे अडकवून ठेवलेले असते, तेवढ्या रकमेवर बँक व्याज आकारत नाही आणि धंदा चालू असेल तर नंतर ते कर्जात वळते होते. धंदा मध्येच बंद पडला, तर अनुदान गमावण्याची वेळ येते. ही योजना नव्या उद्योगासाठीच आहे आणि पती-पत्नींपैकी एकालाच तिचा लाभ घेता येतो. तिची मंजुरी २०२५-२६ या आर्थिक वर्षाअखेरपर्यंतची होती, म्हणून त्यानंतरचे नियम उद्योग केंद्रातच विचारावेत.

कागद आधी, अर्ज नंतर

अर्ज अडकतो तो कित्येकदा नावापाशी. आधारवर 'बी', पॅनवर 'बेगम', बँकेत माहेरचे आडनाव आणि रेशनकार्डावर सासरचे, असे चार कागदांवर एकच भगिनी चार नावांनी असते. योजना शोधण्याआधी सगळ्या कागदांवर एकच नाव आणि एकच स्पेलिंग करून घ्यावे. यात महिना-दोन महिने जातात, म्हणून आजच सुरुवात करावी.

त्यानंतर तिच्या एकटीच्या नावाने बँक खाते उघडावे. उद्यम नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर आधारच्या आधारे होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. दुकानासाठी गुमास्ता, खाद्यपदार्थ असतील तर अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी घ्यावी. कच्च्या मालाची प्रत्येक पावती आणि विक्रीची रोजची नोंद एका वहीत ठेवावी. विक्रीचे पैसे खात्यात भरून मगच खर्चावेत. सहा महिन्यांचे असे खाते आणि अशी वही समोर ठेवली, तर बँकेच्या अधिकाऱ्याला 'बाई धंदा करते की नाही' हे विचारण्याची गरज उरत नाही.

नाव तिचे, धंदा कोणाचा?

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. हे वाचून काही बंधूंना राग येईल, पण लिहिणे भाग आहे. महिलांना व्याज कमी आहे, अनुदान जास्त आहे, हे कळले की काही घरांत पहिला विचार येतो तो असा : बायकोच्या नावाने कर्ज काढू आणि आपल्या दुकानात घालू. ती सही करते. कशावर सही केली, हे तिला ठाऊक नसते. पैसा भावाच्या गॅरेजमध्ये किंवा पतीच्या जुन्या उधारीत जातो. सहा महिन्यांनी हप्ता थकतो आणि वसुलीचा माणूस येतो तो तिच्या नावाने विचारत.

याचे परिणाम तिघांना भोगावे लागतात. पहिली ती भगिनी. थकलेल्या हप्त्यांची नोंद सिबिलसारख्या पतनोंदणी संस्थांकडे तिच्या नावावर होते आणि उद्या तिला खरोखरच धंदा करायचा झाला, तर बँक दार बंद करते. दुसरा तो पती, कारण खोट्या कारणासाठी उचललेला पैसा तपासणीत उघडा पडतो आणि अनुदान परत जाते. तिसऱ्या त्या मोहल्ल्यातल्या बाकीच्या भगिनी. 'या वस्तीतल्या बायकांची कर्जे फिटत नाहीत' असे एकदा बँकेच्या मनात बसले, की खरी कष्टाळू अर्जदार कारण न कळता परत पाठवली जाते.

म्हणून आमचे सांगणे असे की, धंदा दोघांचा असेल तर दोघांच्या नावाने भागीदारी करावी. त्यात कमीपणा नाही. पण कर्ज एकटीच्या नावाने असेल, तर पासबुक, चेकबुक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी तिच्याच हाती असावा. मशीनच्या पावतीवर तिचे नाव असावे. भगिनींनी सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : रक्कम किती, व्याज किती, हप्ता किती आणि किती महिने. उत्तर मिळत नसेल, तर सही करू नये. समोर पती असो, भाऊ असो की एजंट असो.

एजंट आणि झटपट कर्ज

मुद्रा कर्ज मिळवून देतो, अनुदान पास करून देतो, दहा टक्के आमचे, असे सांगणारे सर्वत्र फिरतात. मुद्रा योजनेसाठी कोणीही दलाल नेमलेला नाही. कर्ज मंजूर होण्याआधी कोणी वैयक्तिक खात्यात 'फी' भरायला सांगितली, तर ती फसवणूक समजावी.

दुसरा धोका घरपोच मिळणाऱ्या गटकर्जाचा आणि मोबाइलवरच्या कर्जाचा. एकीचा हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज, असे सुरू झाले की तीन-चार कंपन्यांचे हप्ते एकाच घरावर पडतात. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून नियम केला आहे की, वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेले कर्ज हे सूक्ष्म वित्त समजावे आणि त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत. हा नियम सावकारी कंपन्यांसाठी आहे, पण प्रत्येक घराने तो आपल्या वहीत लिहून ठेवावा. धंदा नवा असेल, तर आमच्या मते निम्मासुद्धा जास्तच आहे.

शेवटी

सुरुवातीच्या त्या शिवणाऱ्या भगिनीकडे परत येऊ. तिला दीड लाख हवे होते. समजा, मेहरच्या बाकीपोटी पतीने ४०,००० दिले, भिशीचे २४,००० आले आणि ओळखीच्या कापड व्यापाऱ्याने ३०,००० रुपयांचा माल महिन्याच्या उधारीवर दिला. ९४,००० रुपये व्याजाशिवाय उभे राहिले. उरले ५६,०००, नेमके दोन मशीनचे. एक मशीन ठरलेल्या किमतीला हप्त्यांवर घेतली आणि दुसरी सहा महिन्यांनी नफ्यातून घ्यायची ठरवली, तर तिला आज कोणत्याच बँकेची पायरी चढावी लागत नाही. आणि पुढे काम वाढून पायरी चढावीच लागली, तर हातात सहा महिन्यांची वही आणि स्वतःच्या नावाचे खाते असेल.

आमची व्यापारी मंडळांना आणि मोहल्ला कमिट्यांना एक विनंती आहे. महिन्यातून एक दिवस, दोन तास, एखाद्या शाळेच्या खोलीत दोन सुशिक्षित भगिनींना बसवावे. त्यांनी आलेल्या भगिनींची कागदपत्रे तपासावीत, नावे एकसारखी करून द्यावीत, उद्यम नोंदणी फुकट करून द्यावी आणि कर्जाचा कागद वाचून दाखवावा. याला भांडवल लागत नाही. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने आज रात्री घरी गेल्यावर आपली जुनी उधारीची वही काढावी. तिच्यात एकाही स्त्रीच्या नावाचे खाते नसेल, तर पहिले पान उघडायला हरकत नसावी.